पंखावरचा भोवरा

नाशिकजवळ ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात आधी मिग-21 लढाऊ विमाने बांधली गेली, मग सुखोई-30 एमकेआय, आणि आता तेथून तेजस मार्क-1एही बाहेर पडते. पावसाळ्याच्या दमट हवेत सुखोईने नाक वर करून जोरात वळण घेतले, की पंखाच्या मुळापाशी पांढरा पीळदार दोर उमटतो. तो धूर नव्हे. तेथे हवेचा दाब आणि तापमान एकदम उतरते, बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि एरवी न दिसणारा भोवरा डोळ्यांना दिसतो.

ध्वनीपेक्षा वेगाने जायचे तर पंख पातळ आणि मागे झुकलेला लागतो. पण असा पंख कमी वेगात नीट उचल देत नाही, आणि विमान उतरवायचे तर वेग कमी करावाच लागतो. साधा सरळ पंख हवेशी साधारण 15 अंशांपुढे तिरका झाला, की वरची हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल कोसळते. डेल्टा, म्हणजे मागे झुकलेल्या कडांच्या त्रिकोणी पंखावरही हवा सुटतेच, तीही फार लवकर: खालच्या जास्त दाबाची हवा धारदार पुढच्या कडेला वळसा घालून वर येताना पृष्ठभागाला चिकटून राहू शकत नाही. मात्र कड मागे झुकलेली असल्याने ती विखुरत नाही, कडेलगत गुंडाळत मागे वाहते. या भोवऱ्याच्या गाभ्यातला कमी दाब पंखाला वर ओढतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाला फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखाच्या हलत्या पट्ट्या, नव्हतेच. नाक बरेच वर ठेवून ते याच जादा उचलीवर उतरत असे. त्याची किंमत म्हणजे हवेचा वाढलेला रोध, म्हणून उतरतानाही इंजिनाचा जोर लागतो.

खरी अडचण भोवरा फुटतो तेव्हा येते. गाभ्यातली हवा बाहेरच्या प्रवाहाहूनही वेगाने धावत असते. मागे दाब वाढत गेला की ती एकाएकी मंदावते, गाभा फुगतो आणि पीळ विस्कटतो. कड 70 अंश झुकलेली असेल, तर सुमारे 30 अंशांच्या तिरकेपणाला ही फूट पंखाच्या मागच्या कडेशी पोचते. तिरकेपणा आणखी वाढवला की ती पुढे सरकते. विमान जरा आडवे घसरत असेल, तर एका बाजूचा भोवरा आधी फुटतो आणि विमान त्या अंगावर कलंडू लागते.

अमेरिकेच्या एफ-18वर पंखाच्या मुळापुढच्या पट्टीचे भोवरे नेमके दोन उभ्या शेपट्यांपुढे फुटत. त्या थडथडीने शेपट्यांच्या जोडांना तडे जाऊ लागले. उपाय म्हणून पट्टीवर एक छोटी उभी पाती बसवली, आणि शेपटीवरचा मार कमी झाला.