उन्हातलं काम आणि किडनीत तयार होणारं फ्रुक्टोज

सौर पॅनल बसवायचे तिथे सावली नसणारच. भर दुपारी पॅनलचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. पवनचक्कीच्या मनोऱ्यात हार्नेस घालून शिडी चढताना ऊन लागत नाही, पण वाराही लागत नाही. तासाला लिटरभर घाम सहज जातो. "भोवळ आली नाही, म्हणजे ऊन बाधलं नाही" हा समज मात्र घातक आहे. किडनीची हानी भोवळ न येताही होते, रोज थोडी थोडी. मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या कष्टकऱ्यांच्या किडन्या निकामी होत असल्याचं एल साल्वाडोरमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये नोंदवलं. ऊसतोड मजुरांत हा आजार पुढे ठळकपणे दिसला.

घामातून मिठाच्या मानाने पाणी जास्त जातं, रक्तातली क्षारता वाढते. मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि किडनी पाणी राखू लागते. इथवर शाळेत शिकलेलं. पण त्याच वेळी किडनीच्या नलिकांमध्ये अल्डोज रिडक्टेज हे विकर जागं होतं. ते ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करतं, आणि सॉर्बिटॉलचं पुढे फ्रुक्टोज ही साखर होते. फ्रुक्टोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडतं, त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची घालतं. ग्लुकोज वापरणाऱ्या विकरांना लगाम असतो, याला नाही. एटीपी घटत जातं, त्याच्या अवशेषांतून युरिक आम्ल बनतं, नलिकेच्या पेशींना इजा होते. फ्रुक्टोकायनेज नसलेल्या उंदरांना उष्णतेत वारंवार तहानलेलं ठेवलं, तरी त्यांच्या किडन्या बऱ्याच शाबूत राहिल्या.

म्हणूनच तहानेवर साखरेचं शीतपेय नको. त्यातलं फ्रुक्टोज याच मार्गाला लागतं. दर १५-२० मिनिटांनी २००-२५० मिलि पाणी घ्यावं, पण तासाला दीड लिटरच्या आत, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरतं. पाळीआधी आणि नंतर वजन करावं: एक किलो घट म्हणजे साधारण लिटरभर पाण्याची तूट. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणं तर फारच वाईट. पाणी कमी असताना किडनीकडे येणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे उघडी राहते, आणि या गोळ्या नेमकं तेच बंद करतात. 'किडनी साफ करणाऱ्या' काढ्यांवर पैसे घालवू नयेत. त्यांनी गेलेली नलिका परत येत नाही.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण पाळीच्या २० टक्केच काम द्यावं, मग रोज २० टक्क्यांनी वाढवावं. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) एकदाच तपासून निर्धास्त होऊ नये: जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत ते 'नॉर्मल' दिसू शकतं. उन्हाळ्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून पाहावा.