वरून दिसणारे पतंग आणि खालून दिसणाऱ्या भिंती

जॉर्डनमध्ये अझ्रक गावाच्या पूर्वेला काळ्या दगडांचं वाळवंट आहे. गूगल अर्थवर ते पहिल्यांदा उघडलं की काहीच दिसत नाही. शाई सांडून वाळल्यासारखी जमीन आणि मधूनमधून चिखल सुकून पांढरट झालेले पट्टे, एवढंच. थोडा वेळ नकाशा सरकवत राहिलं की नजर बसते आणि मग एक पतंग सापडतो. कोपरे बाहेर आलेलं ताऱ्यासारखं आवार, कोपऱ्याकोपऱ्यावर बारीक गोल ठिपके आणि आवाराला जोडलेल्या दोन लांबच लांब शेपट्या, एकमेकींपासून फाकत गेलेल्या. एक दिसला की शेजारचा दिसतो, मग त्याच्या शेपटीवर शेपटी टाकून बसलेला तिसरा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी विजेच्या तारांवर लोंबणाऱ्या पतंगांची आठवण व्हावी असा गुंता.

‘पतंग’ हे नाव मूळचं ब्रिटिश वैमानिकांचं. पहिल्या महायुद्धानंतर इराक आणि पॅलेस्टाइनचा ताबा ब्रिटिशांकडे आला आणि १९२१ मध्ये कैरो ते बगदाद अशी हवाई टपाल सुरू झाली. वाळवंटात ना रस्ता, ना नदी, ना रूळ. वैमानिकाला वाट चुकू नये म्हणून जमिनीवर चक्क नांगर चालवून एक लांब तास ओढण्यात आलं आणि विमानं त्या रेघेवर नजर ठेवून जाऊ लागली. म्हणजे आभाळातून दिसावी म्हणून मुद्दाम जमिनीवर काढलेली रेघ. तिच्याकडे बघत उडणाऱ्यांनाच दुसऱ्या, कितीतरी जुन्या रेघा दिसल्या, ही गंमत मला या सगळ्या इतिहासात फार आवडते.

यातल्याच पर्सी मेटलंड नावाच्या वैमानिकाने १९२७ मध्ये ‘अँटिक्विटी’ या पुरातत्त्वाच्या नियतकालिकात याबद्दल लिहिलं. नियतकालिकाचं ते पहिलंच वर्ष होतं. हे कोणी केलं असं खाली राहणाऱ्या बदूंना, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांना विचारलं, तर उत्तर मिळायचं, ‘जुन्या माणसांची कामं’. मेटलंडने तेच शब्द लेखाच्या मथळ्यात घेतले. आपल्याकडे डोंगरातल्या कुठल्याही लेण्याला ‘पांडवांनी एका रात्रीत खोदलं’ असं सांगतात, त्यातलाच हा प्रकार वाटेल. फरक इतकाच की बदूंनी कोणा वीरपुरुषाला श्रेय दिलं नाही. आमच्या आधी इथे माणसं होती, त्यांनी केलं, एवढंच ते म्हणाले. पुढच्या शंभर वर्षांत संशोधकांनी जे सिद्ध केलं त्याच्याशी हे उत्तर बऱ्यापैकी जुळतं.

‘अँटिक्विटी’ काढणारे ओ. जी. एस. क्रॉफर्ड महायुद्धात विमानातून टेहळणी करत असत. युद्ध संपल्यावर त्यांनी तीच नजर इंग्लंडच्या शेतांकडे वळवली. त्यांचं सूत्र साधं होतं. बुजलेल्या खंदकावर माती खोल असते, ओल टिकते, तिथलं पीक उंच आणि हिरवंगार येतं. जमिनीखाली जुन्या भिंतीचा पाया असेल तर तिथलं पीक खुरटतं. उभ्या पिकात चालणाऱ्याला हे कळत नाही, वरून मात्र अख्ख्या वाड्याचा आराखडा हिरव्या-पिवळ्या रंगात उमटलेला दिसतो. बुजवलेल्या विहिरीवरची ज्वारी बाकीच्या शेतापेक्षा वेगळी दिसते हे आमच्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. क्रॉफर्डने त्याचं शास्त्र केलं. वाळवंटात पीक नसतं, तिथे मदतीला येते सकाळ-संध्याकाळची तिरपी सावली. गुडघाभर भिंतीचीसुद्धा तेव्हा ठळक रेघ उमटते.

पेरूमधल्या नाझ्काची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, म्हणून थोडक्यात. तिथल्या रेषांचा अभ्यासही १९२७ मध्येच सुरू झाला. मेहिया शेस्पे या पेरूच्या पुरातत्त्वज्ञाला त्या आसपासच्या टेकड्यांवरून पायी फिरताना दिसल्या. वरचे काळपट दगड बाजूला सारले की खालची फिकट जमीन उघडी पडते, हेच त्यांचं सगळं तंत्र. परग्रहावरच्या पाहुण्यांचे विमानतळ म्हणून त्या जगभर गाजल्या ते बरंच नंतर. यामागाता विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने हवाई छायाचित्रांतून तिथल्या ३०३ नव्या आकृत्या शोधल्या. ज्ञात आकृत्यांची संख्या त्यामुळे जवळजवळ दुप्पट झाली.

विमानातून उपग्रहावर झेप घेतली ती हेरगिरीने. अमेरिकेचे ‘कोरोना’ उपग्रह १९६० ते १९७२ या काळात सोव्हिएत संघ, चीन आणि पश्चिम आशियावरून फिरत छायाचित्रं घेत होते. तेव्हा चित्रं विद्युतलहरींवरून खाली येत नसत. फिल्मची कुपी अंतराळातून खाली सोडली जाई, तिची हवाई छत्री उघडे आणि विमान ती हवेतल्या हवेत आकड्याने पकडे. या उपग्रहांचे कॅमेरे तपासायला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात एकेका मैलावर सुमारे १८ मीटरचे काँक्रीटचे क्रूस बसवले होते. त्यातले कित्येक आजही जागेवर आहेत आणि उपग्रहचित्रात पाहून लोक त्यांच्याबद्दल तर्क लढवत असतात. २०११ मध्ये गोबीच्या वाळवंटात पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषांचं जाळं दिसलं तेव्हाही समाजमाध्यमांवर असाच धुरळा उडाला होता. जाणकारांच्या मते तेही कॅमेरे जुळवण्यासाठीच होतं. आकाशातून पाहणाऱ्यांनी स्वतःसाठी काढून ठेवलेल्या या खुणा. उद्याच्या संशोधकांना चांगलंच कोड्यात टाकतील.

१९९५ मध्ये ‘कोरोना’ची आठ लाखांहून अधिक छायाचित्रं खुली झाली आणि पुरातत्त्वज्ञांच्या हाती घबाड लागलं. ती जुनी आहेत, हीच त्यांची किंमत. धरणं, कालवे आणि ट्रॅक्टर येण्याआधीची जमीन त्यांत आहे. फ्रेंच जेझुइट धर्मगुरू आंत्वान प्वादबार यांनी १९२० च्या दशकापासून विमानातून फिरून सीरियाच्या वाळवंटातले ११६ रोमन किल्ले नोंदवले होते. ही हेरगिरीची चित्रं चाळून २०२३ मध्ये अभ्यासकांनी त्यात आणखी ३९६ जागांची भर घातली. प्वादबार यांना किल्ल्यांची रांग उत्तर-दक्षिण सीमेवर दिसली होती, म्हणून ती शत्रू अडवण्यासाठी असं मानलं जाई. नवे ठिपके मात्र पूर्व-पश्चिम पसरलेले निघाले, व्यापारी वाटांच्या कडेने असावेत तसे. नकाशात भर पडली आणि जुना निष्कर्षही डळमळला.

जून २००५ मध्ये गूगल अर्थ आलं आणि हा उद्योग घराघरांत पोचला. कझाकस्तानच्या तुर्गाय भागात १०१ मातीच्या उंचवट्यांनी आखलेला प्रचंड चौकोन २००७ मध्ये एका हौशी अभ्यासकाला असाच घरबसल्या सापडला. सौदी अरेबियातला किस्सा त्याहून बोलका आहे. खैबरच्या लाव्हा पठारावर फिरताना २००४ मध्ये तिथल्या एका डॉक्टरला कंबरभर उंचीच्या दगडी भिंती दिसल्या. आकार काही लक्षात आला नाही. चार वर्षांनी संगणकावर तीच जागा पाहिली तेव्हा भिंतींचा अर्थ लागला: शेताच्या फाटकासारख्या लांबट आकृत्या, एक नाही, कितीतरी. ऑस्ट्रेलियातले पुरातत्त्वज्ञ डेव्हिड केनेडी यांनी पुढे २०१७ मध्ये अशा सुमारे ४०० ‘फाटकां’ची नोंद प्रसिद्ध केली, तीही मुख्यतः उपग्रहचित्रांवरून. जॉर्डनवरून ते वीस वर्षं विमानातून छायाचित्रं घेत होते, सौदी आकाशात मात्र तोवर त्यांना परवानगी नव्हती.

त्याच भागातल्या ‘मुस्ततील’ची गोष्टही इथलीच. मुस्ततील म्हणजे अरबीत आयत. अशा हजाराहून अधिक रचना २०२१ मध्ये नोंदवल्या गेल्या. साधारण सात हजार वर्षांपूर्वीच्या या दगडी आयतांपैकी एकाच्या टोकाच्या खोलीत खोदकाम झालं तेव्हा गुराढोरांची शिंगं आणि कवट्यांचे तुकडे मिळाले. वरून नुसता आयत. खाली उतरून माती उकरली तेव्हा तो नवसाचा, बळीचा निघाला.

आता पुन्हा पतंगांकडे. वैमानिकांना ते किल्ले वाटले होते, इतरांना गुरांचे वाडे वाटले. खरं तर उत्तर शंभरेक वर्षं आधीच लिहून ठेवलेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला योहान बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी सीरियात फिरला. हरणांना दगडी आवारात हाकून त्यांची शिकार कशी करतात, हे त्याने नोंदवलं आहे. भिंत उडी मारता येणार नाही इतकी उंच, फक्त मुद्दाम ठेवलेल्या खिंडारांपाशी ठेंगणी, आणि खिंडारापलीकडे खड्डा. घाबरलेला कळप तिथूनच उड्या टाकतो. वरून पाहणाऱ्यांना हे जमिनीवरचं टिपण जुळवायला बराच वेळ लागला.

गेल्या दशकातल्या खोदकामांनी बाकीचं स्पष्ट केलं. पतंगाच्या शेपट्या म्हणजे कळपाला वळवणाऱ्या भिंती. त्या फारशा उंच नसतात, पण काही किलोमीटरपर्यंत जातात. हरणाला ती सहज ओलांडता येईल, तरी ते भिंतीच्या कडेकडेनेच पळतं. वरून दिसणारे कोपऱ्यांवरचे ठिपके म्हणजे खड्डे, काही चार मीटरपर्यंत खोल. असे सहा हजारांहून जास्त पतंग अरबस्तानापासून आर्मेनिया आणि मध्य आशियापर्यंत आता नोंदले गेले आहेत. जॉर्डनच्या आग्नेयेला जबल अल-खशाबिया इथे तर शिकाऱ्यांच्या वस्तीतलं सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं देवस्थानच मिळालं. माणसाचा चेहरा कोरलेल्या दोन उभ्या शिळा, त्यातल्या एकीवर पतंगाचं चित्र, आणि शेजारी दगड रचून केलेला छोटासा पतंग.

आपल्याकडची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्गापासून गोव्यातल्या फणसाईमळपर्यंत जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, हत्ती, वाघ, मासे, माणसं कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी छोटे प्राणी. एवढं मोठं असूनही हे आभाळातून सापडलं नाही. खोदलेल्या रेषा उथळ, पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात माती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत हजाराहून अधिक चित्रं नोंदवली. सड्यावर गुरं घेऊन जाणाऱ्यांना ती कायमच ठाऊक होती. २०२२ मध्ये यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. गूगल अर्थवर मी त्यातल्याच बारसूच्या सड्यावर अर्धा तास घालवला आहे. जांभ्याचा तपकिरी डाग आणि पायवाटा, यापलीकडे मला काही दिसलं नाही.

वरून कोणी आधी पाहिलं, या प्रश्नाला २०२३ मध्ये एक अनपेक्षित वळण मिळालं. पुरातत्त्वज्ञ रेमी क्रासार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात दोन दगडांची माहिती दिली. एक त्याच जबल अल-खशाबियाचा, ८० सेंटिमीटर लांब, ९२ किलो वजनाचा, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचा. दुसरा सौदीतला, पावणेचार मीटरहून लांब, त्याहून हजारेक वर्षांनी जुना. दोन्हींवर पतंग कोरलेला आहे, तोही वरून दिसतो तसा: फाकलेल्या शेपट्या, ताऱ्यासारखं आवार, कडेला खड्ड्यांचे खळगे. मोजून पाहिलं तर चित्र प्रमाणात निघालं. जॉर्डनच्या दगडावर साधारण १:४२५, सौदीच्या दगडावर १:१७५. शेजारी जमिनीवर असलेल्या खऱ्या पतंगांशी ताडून पाहिलं तर आकार आणि दिशा इतक्या जुळल्या की कोणता दगड कोणत्या पतंगांचा, हेही सांगता आलं. ज्या भिंतीच्या एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही, तिचा हा नकाशा पायी चालणाऱ्या कोणीतरी दगडावर दगड ठोकून काढला होता.