किलोभर संत्र्यांत हिग्जचा वाटा किती?

जुलै आला की 'देवकणा'चे मेसेज फिरू लागतात. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनसारखा कण, म्हणजेच हा 'देवकण', सापडल्याचं जाहीर केलं, हे खरंच. पण त्याखाली एक ठरलेलं वाक्य असतं: 'विश्वातल्या प्रत्येक वस्तूला वस्तुमान देणारा कण.' नागपुरात हे वाक्य मी विज्ञान शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय. ते चूक आहे.

हिशेब करू. कळमन्याच्या बाजारातून एक किलो संत्री आणली. त्यांतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचं वस्तुमान अर्धा ग्रॅमही भरत नाही. बाकी सगळा भार प्रोटॉन-न्यूट्रॉनांचा. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमान त्यातच सांगतात). त्याच्यात क्वार्क नावाचे तीन मूलकण: दोन अप क्वार्क, प्रत्येकी सुमारे २.२, आणि एक डाउन क्वार्क, सुमारे ४.७. बेरीज नऊच्या आसपास! न्यूट्रॉनचंही तसंच. म्हणजे हिग्ज क्षेत्रामुळे (सगळीकडे पसरलेलं हे क्षेत्र, हिग्ज कण ही त्यातली लाट) क्वार्कांना मिळालेलं वस्तुमान किलोमागे दहा-बारा ग्रॅम. मग उरलेलं कुठून आलं?

आइनस्टाइनचं सूत्र उलटं वाचा: वस्तुमान म्हणजे ऊर्जा भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. आतून आरसे लावलेल्या डब्यात प्रकाश कोंडला, तर प्रकाशाला स्वतःचं वस्तुमान नसूनही डब्याचं वस्तुमान वाढतं. प्रोटॉन हा असाच कोंडलेल्या ऊर्जेचा साठा आहे. ती कोंडते कशी, हा मला सगळ्या भौतिकशास्त्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

क्वार्कांवर विद्युतप्रभाराखेरीज 'रंगप्रभार' असतो (डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा संबंध नाही) आणि त्यांना ग्लुऑन नावाचे कण बांधून ठेवतात. विद्युतबल वाहणाऱ्या फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या कणावर, प्रभार नसतो. ग्लुऑनवर मात्र रंगप्रभार असतोच. त्यामुळे ग्लुऑन एकमेकांनाही ओढतात. दोन विद्युतप्रभार दूर नेले की त्यांच्यातलं क्षेत्र चहूकडे पसरून विरळ होतं. क्वार्क दूर नेले तर क्षेत्र पसरत नाही, एका बारीक नळीत आवळलं जातं आणि रबरासारखं ताणत जातं. हे रबर साधं नव्हे: त्याची ओढ सुमारे सोळा टन वजनाइतकी, आणि अंतर वाढलं तरी ती सैल पडत नाही. उलट क्वार्क अगदी जवळ आले की बल क्षीण होतं. १९७३ साली ग्रॉस, विल्झेक आणि पोलित्झर यांनी हे दाखवलं. २००४ साली त्यांना नोबेल मिळालं.

मग सगळे क्वार्क एकाच बिंदूत का जमत नाहीत? तसे जमले तर त्यांचे रंग एकमेकांना पूर्ण पुसून टाकतील आणि क्षेत्राची ऊर्जा शून्यावर येईल. इथे हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व आडवं येतं. कण जितक्या लहान जागेत कोंडावा, तितका त्याचा संवेग, म्हणजे धावण्याचा जोर, वाढतो. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख-कोटीवा भाग), एवढ्याशा जागेत कोंडलेल्या क्वार्कच्या वाट्याला ढोबळमानाने २३५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट गतिज ऊर्जा येते. तिघांची मिळून सातशे. उरलेली प्रामुख्याने ग्लुऑन क्षेत्राची. क्षेत्र क्वार्कांना आत ओढतं, अनिश्चितता त्यांना बाहेर ढकलते, आणि या दोघांच्या तडजोडीत जी ऊर्जा शिल्लक राहते, तिलाच आपण प्रोटॉनचं वस्तुमान म्हणतो.

हा माझा अंदाज ढोबळ आहे. खरं गणित कागदावर सुटत नाही. अवकाश-काळाची बारीक जाळी कल्पून ते महासंगणकावर सोडवावं लागतं. २००८ साली युरोपातल्या एका गटाने तसं केलं, आणि प्रोटॉनचं वस्तुमान काही टक्क्यांच्या फरकाने मोजलेल्या किमतीशी जुळलं. त्याच वर्षी आपल्या वाहिन्या मात्र सर्नचं कण आदळवणारं यंत्र पृथ्वी गिळणार म्हणून लोकांना घाबरवत होत्या. आता 'क्वांटम ऊर्जे'ची पेंडंटं विकणारे आइनस्टाइनच्या याच सूत्राचा दाखला देतात. ऊर्जा पेंडंटमध्ये आहे, तशी विटेत आणि संत्र्याच्या सालीतही आहे, ग्रॅमला तेवढीच. ती प्रोटॉनमध्ये बंद आहे आणि गळ्यात घालून कुणाच्या अंगी लागत नाही.

हिग्जचा वाटा लहान असला तरी फुकटचा नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान त्याच्यामुळे आहे. ते शून्य असतं तर इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती टिकले नसते, अणूच झाले नसते. डाउन क्वार्क अपहून जड आहे, म्हणून न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड. दोघे क्वार्क सारखे असते, तर विद्युतप्रभारामुळे प्रोटॉनच जड ठरला असता, त्याचा न्यूट्रॉन होऊन गेला असता आणि एका प्रोटॉनवर उभा असलेला हायड्रोजन टिकला नसता. मात्र डाउन जड का, आणि नेमका एवढाच का, हे हिग्ज सिद्धांत सांगत नाही. ते आकडे प्रयोगातून घेऊन समीकरणात भरावे लागतात.