रक्त देण्याआधी घराण्याची माहिती घेऊन या

डॉक्टरांनी ‘जेनेटिक टेस्ट करून घ्या’ म्हटलं की आमच्या जेनेटिक क्लिनिककडे पहिला फोन येतो तो किमतीचा. मागोमाग दुसरं वाक्य: ‘सगळ्यात मोठी टेस्ट एकदाच करून टाकू, विषय संपेल.’ बऱ्याचदा तो संपत नाही. मेंदू, मज्जातंतू आणि स्नायूंच्या आनुवंशिक आजारांत कुठली टेस्ट करायची, हे घराण्याचा इतिहास पाहून ठरवावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही रक्त न घेता तीन पिढ्यांचा तक्ता काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी माणसाचं चिन्ह काळं भरलेलं. ‘आमच्यात कुणालाच नव्हतं’ इथून सुरुवात होते आणि अर्ध्या तासाने कुणाला तरी थोरले काका आठवतात. चालताना झोक जायचा म्हणून गावाने त्यांना दारुडा ठरवलेलं असतं. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर तेही सांगा. आपल्याकडे ती पद्धतच आहे, लपवू नका. मूळ गाव आणि समाजही आम्ही विचारतो. जात काढायची म्हणून नव्हे: एससीए-१२ हा तोल जाण्याचा आणि हात थरथरण्याचा आजार जगात फार दुर्मिळ, पण भारतात अगरवाल कुटुंबांत तो वारंवार सापडला आहे.

तक्ता काय सांगतो?

प्रत्येक पिढीत कुणी ना कुणी आजारी असेल, तर हंटिंग्टनसारख्या आजाराची शंका येते. हंटिंग्टन म्हणजे अंगाच्या अनावर हालचाली होणारा, हळूहळू वाढणारा मेंदूचा आजार. यात चौथ्या गुणसूत्रावरच्या एचटीटी जनुकात ‘सीएजी’ ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत चिंता नाही. ३६ ते ३९ असतील तर कुणाला आजार होतो, कुणाला नाही. ४० किंवा जास्त असतील तर पुढेमागे होतोच. वडिलांकडून मुलांकडे जाताना हा आकडा वाढू शकतो. आजोबांना साठीत, वडिलांना चाळिशीत आणि मुलाला त्याहून लवकर, असं घडतं ते यामुळेच. प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के.

आईवडील ठणठणीत, पण भावंडांपैकी दोघं आजारी, असं असेल तर आईवडील दोघेही वाहक, म्हणजे जनुकात दोष पण स्वतःला आजार नाही असे, असण्याची शक्यता मोठी. एसएमए (स्नायू कमजोर होण्याचा आजार), फ्रेडरिक अटॅक्सिया (तोल जाण्याचा आजार) या गटातले. इथे धोका दर गरोदरपणी २५ टक्के. एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. याच गटातल्या विल्सन आजारात शरीरात तांबं साठतं, पण त्यावर औषधं आहेत, म्हणून एकाचं निदान झालं की भावंडांची तपासणी लांबवू नका.

आजार फक्त मुलग्यांना आणि मामालाही होता, तर ड्युशेन, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार. दोष आईकडून येतो खरा, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच घडलेला असतो. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनाही भेटीला आणा.

आता त्या ‘मोठ्या’ टेस्टबद्दल. नेहमीची एक्झोम टेस्ट, म्हणजे हजारो जनुकं एकदम तपासणारी, जनुकं छोट्या छोट्या तुकड्यांत वाचते, त्यामुळे ‘सीएजी’सारखी वाढलेली पुनरावृत्ती तिला नीट मोजता येत नाही. हंटिंग्टन, एससीएचे अनेक प्रकार आणि फ्रेडरिकसाठी वेगळी, बऱ्याचदा स्वस्त टेस्ट असते. ड्युशेनमध्येही आधी एमएलपीए, म्हणजे जनुकाचा तुकडा गळालाय की जास्तीचा आलाय हे पाहणारी टेस्ट. यातून उत्तर मिळालं नाही, तर एक्झोम. तिच्यात कधी कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो. त्यावरून कुठलाच निर्णय घेऊ नका. आईवडिलांचं रक्त तपासलं की पुष्कळदा उलगडा होतो.

पहिली टेस्ट आजारी माणसाची, घाबरलेल्या माणसाची नाही. निरोगी अल्पवयीन मुलांची हंटिंग्टनसाठी टेस्ट आम्ही करत नाही. ‘स्थळ आलंय, मुलीला न सांगता करून द्या’ यालाही नकारच. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर दिवस जाण्याआधी या, कारण घरातला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो. गर्भाची तपासणी ११व्या आठवड्यानंतर होऊ शकते, पण फक्त पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रात. लिंग कुणीही सांगणार नाही.

येताना जुन्या फायली, एमआरआय आणि नातेवाइकांचे रिपोर्ट असतील तर त्यांच्या झेरॉक्स आणा. उपाशी पोटी यायची गरज नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तर फोनवरच सांगा, तारीख पुढची देऊ.