परमुलखातली सेवा: जन्मभराच्या मुक्कामापासून दोन आठवड्यांच्या दौऱ्यापर्यंत

दर उन्हाळ्यात अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरिया इथल्या चर्चमधून तरुणांचे गट परदेशी निघतात. आठ-दहा दिवस, फार तर दोन-तीन आठवडे. शाळेच्या भिंती रंगवायच्या, आरोग्य शिबिरात हातभार लावायचा, मुलांबरोबर गाणी म्हणायची, प्रार्थना करायची आणि घरी परतायचं. याला 'मिशन ट्रिप' म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज असा, की एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख प्रौढ चर्च-सभासद असे बाहेर जातात. ही प्रथा आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात तिला साठ-सत्तर वर्षंच झाली आहेत. त्याआधी परमुलखात सेवेला जाणं म्हणजे बहुधा परत न येण्यासाठी जाणं होतं. आणि अमेरिकेपुरतं बोलायचं तर त्या जाण्याचा पहिला मोठा अध्याय मुंबईत आणि मराठीत घडला आहे.

१८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना करत होते. परदेशात धर्मप्रसाराला जायचं, हा विचार त्यांनी तिथे पक्का केला. त्यातून १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था उभी राहिली, आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुणांना सेलम गावात पाद्रीपणाची दीक्षा देऊन दोन जहाजांनी हिंदुस्थानकडे रवाना करण्यात आलं. प्रवासाला चार ते सहा महिने लागले. कलकत्त्याला उतरताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निघून जायला सांगितलं. मिशनऱ्यांमुळे लोक बिथरतील आणि व्यापाराला धक्का बसेल ही कंपनीची जुनी भीती होती. त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्धही पेटलं होतं.

पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. इथेही हुकूम तोच: इंग्लंडच्या जहाजात बसा. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनातून सहानुभूती असलेला माणूस होता, पण वरचा हुकूम त्याला मोडता येत नव्हता. दोघांनी एकदा गुपचूप किनाऱ्यालगतच्या गलबतातून कोचीन गाठलं, तर तिथून त्यांना परत आणण्यात आलं. डोक्यावर हद्दपारीची तलवार टांगलेली असताना हे दोघं काय करत होते? पंडित ठेवून मराठी शिकत होते. उद्या इथे राहायला मिळेल की नाही याचा पत्ता नसताना माणूस परक्या भाषेची विभक्ती घोटत बसतो, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मोठी वाटते. पुढे कंपनीची सनद नव्याने देणाऱ्या १८१३ च्या ब्रिटिश कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि मुंबईत मुक्काम पक्का झाला. हेच ते अमेरिकन मराठी मिशन.

त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. पहिल्या तुकडीतल्या सॅम्युएल न्यूवेलची पत्नी हॅरिएट मुंबई बघायच्या आधीच, १८१२ मध्ये मॉरिशस बेटावर वारली. ती अवघी १९ वर्षांची होती. नॉट आजारपणामुळे १८१५ मध्येच परतला. मागाहून मुंबईत आलेला न्यूवेल १८२१ मध्ये पटकीने गेला. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकला गेला, तेव्हा तिथे पटकीची साथ जोरात होती. जवळची औषधं वाटून संपली. मुंबईकडे परतताना वाटेतल्या एका खेड्यात त्याला स्वतःलाच पटकी झाली आणि तो तिथेच वारला, वयाच्या ४१ व्या वर्षी.

या लोकांचा हेतू धर्मांतराचा होता, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. हिंदू चालीरीतींवर त्यांनी केलेली टीका पुष्कळदा कडवट आणि अर्धवट माहितीवर होती, आणि लोकांनी तिला तोडीस तोड उत्तरंही दिली. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले, ते या इतिहासाचाच भाग आहेत. पण लांबच्या मुक्कामाचा एक परिणाम असा झाला की कामाची सूत्रं हळूहळू इथल्या माणसांच्या हाती गेली. मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहमने छपाईचे देवनागरी खिळे (टाइप) सुधारले; तिथे लहान वयात लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला, आणि मिशनच्याच छापखान्याची करामत पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारून मराठी पंचांग छापलं. बायबलसाठी आणलेली विद्या पंचांगाच्या कामी आली!

सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेचंही तसंच. १८२७ मध्ये ती मुंबईत आली, पुढे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिची मुलींची शाळा जोतीराव फुले मित्रासोबत पाहून आले आणि ती शिकवण्याची पद्धत त्यांना पसंत पडली. पुण्याच्या शाळेमागे जी बीजं आहेत त्यातलं एक हे. फरारबाईंनी जन्मभर शिकवलं, पण त्यातून काय उभं राहावं हे पुण्याच्या माणसांनी ठरवलं.

सगळ्यात उशिरा बदलली ती उपासना. सुरुवातीची मराठी ख्रिस्ती गीतं पाश्चात्त्य चालींवर बांधलेली होती; शब्द मराठी, चाल परकी. १८६० च्या दशकात नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग-उत्तररंग तोच, टाळ-मृदंग तोच, मधूनमधून साकी, दिंडी, ओवी. आख्यान मात्र येशूचं. चर्चच्या बाकावर जांभया देणारा गावकरी इथे मांडी घालून मध्यरात्रीपर्यंत बसायला लागला. मिशन इथे येऊन तेव्हा जवळपास पन्नास वर्षं झाली होती. मग १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड सांगत. त्यांचे अभंग नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) आजही म्हटले जातात. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा भक्तमेळा सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आणि याच मिशनमधले जस्टिन ॲबट निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून काय करत होते, तर महिपतींच्या संतचरित्रांचा इंग्रजी अनुवाद!

विसाव्या शतकाच्या मध्यावर हे सगळं बदललं. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांवर नजर कडक झाली. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नागपूरच्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात, ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे अशांना परत पाठवण्याची शिफारस केली. १९७० मध्ये नागपुरातच उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं आणि कारभार भारतीय हातांत स्थिरावला. पुढच्याच वर्षी केनियाचे पाद्री जॉन गाटू यांनी अमेरिकेत मिल्वॉकी इथे जाहीर मागणी केली, की मिशनरी आणि पैसा दोन्ही काही काळ थांबवा, आमच्या मंडळ्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहू द्या.

जन्मभराचा मिशनरी मागे सरकत होता त्याच काळात लहान मुदतीचा पुढे आला. जॉर्ज व्हर्वर मित्रांसह १९५७ मध्ये मेक्सिकोला गेला. त्यातून 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही मिशन संघटना वाढली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅमने 'यूथ विथ अ मिशन' ही तशीच संघटना काढली. जेट विमानांनी सहा महिन्यांचा प्रवास एका दिवसावर आणला, आणि कॉलेजच्या सुट्टीत बसेल एवढी सेवा शक्य झाली. या तरुणांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही. परक्या घरी जेवून आलेला मुलगा जगाकडे थोडा वेगळ्या नजरेने बघतो, हेही खरं. पण कीर्तन ऐकायला, कुणाशी कसं बोलावं हे कळायला, आपली चूक कुणीतरी तोंडावर सांगावी इतका घरोबा व्हायला दोन आठवडे पुरत नाहीत. गवंडी गावात असताना पाहुण्याने भिंत बांधावी, हा हिशेब यजमानाच्या गरजेतून आलेला नसतो.

जे गट हे ओळखतात ते आता कामाची यादी घरून ठरवून आणत नाहीत. इथल्या संस्था सांगतील तेवढंच करतात, आणि पुष्कळदा फक्त शिकायला येतात. नगर जिल्ह्यातच त्याचा नमुना आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कितीतरी दलित आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. बाळंतपण, कुपोषण, पिण्याचं पाणी, कुष्ठरोग, सगळं त्या बघू लागल्या. आज तिथे परदेशी डॉक्टर आणि विद्यार्थी प्रशिक्षणाला येतात, आणि गावात काम कसं करायचं ते याच बायकांकडून शिकतात.