मॉनिटरच्या पिक्चर क्वालिटीची तुलना

दोन किंवा जास्त महागडे मॉनिटर एकाच उजेडात, एकाच ब्राइटनेसवर आणि एकाच पांढऱ्यावर आणून त्यातला कुठला खरं दाखवतो ते बघणं, याला मॉनिटरची तुलना म्हणतात. 'एकाच' हा शब्द तीनदा आलाय तो उगाच नाही. दुकानात नेमकं उलटं असतं, चार मॉनिटर ओळीने मांडलेले, सगळ्यांचा ब्राइटनेस फुल्ल, प्रत्येकावर कंपनीचाच डेमो व्हिडिओ, आणि आपला डोळा जो जास्त उजळ आणि जरा निळसर दिसेल त्यालाच भारी म्हणून मोकळा होतो.

पुण्यात हे समजवायला लक्ष्मी रोड पुरतो. पैठणी घेताना बायका ट्यूबलाइटखाली रंग बघून कधी फायनल करत नाहीत, "जरा बाहेर उजेडात दाखवा हो" म्हणत पदर दारापर्यंत नेतातच. मॉनिटरच्या दुनियेत या उजेडाला डी६५ म्हणतात, साधारण ६५०० केल्विनचा पांढरा. छापखान्यात मात्र प्रूफ बघायचा उजेड डी५० म्हणजे ५००० केल्विनचा, त्यामुळे पत्रिका डिझाइन करणाऱ्याला आपला पांढरा आणि प्रेसवाल्याचा पांढरा वेगळा वाटतो आणि मग दोघांचं वाजतं.

रंगांच्या आवाक्याला गॅमट म्हणतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलेला एसआरजीबी हा सगळ्यात कॉमन, १९९८ चा अडोबी आरजीबी हिरव्या-निळ्याकडे त्याच्या बराच पुढे जातो, आणि सिनेमावाल्यांचा डीसीआय-पी३ लाल-केशरीकडे जास्त पसरतो. मोरपंखी पैठणीचा गडद रंग एसआरजीबीत बरेचदा मावतच नाही, तिथे अडोबी आरजीबीवाला मॉनिटर कामाला येतो. पण सेटिंग नीट नसेल तर याच मॉनिटरवर साधा फोटो भडक होतो, नवरीच्या तोंडाला हळद लागलीय की गुलाल ते कळत नाही, आणि लोक त्यालाच "काय कलर आहेत!" म्हणतात. भडक म्हणजे चांगला नव्हे, एवढं कळलं तरी अर्धी तुलना झाली.

काळ्याची परीक्षा घ्यायला माझ्याकडे विसर्जन मिरवणुकीचा रात्रीचा एक फोटो असतो, अलका चौकातला, रथाची रोषणाई, पुढे पांढऱ्या झब्ब्यातलं ढोल पथक, मागे आकाश. आयपीएस या नेहमीच्या एलसीडी पॅनलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरं काळ्याच्या किती पट उजळ ते, साधारण १०००:१, म्हणून अंधाऱ्या खोलीत आकाश राखाडी दिसतं. व्हीए हा एलसीडीचाच दुसरा प्रकार ३०००:१ किंवा वर जातो, पण बाजूने बघितलं की रंग उतरतो. मिनी एलईडीत पडद्यामागचे बारीक दिवे गटागटाने मंद होतात (हेच लोकल डिमिंग), त्यामुळे आकाश काळं होतं पण चित्रातल्या प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं, देवाच्या डोक्यामागे असतं तसं. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि काळ्यासाठी पिक्सेलच बंद होतो त्यामुळे काळं म्हणजे काळंकुट्ट, मात्र पूर्ण पांढरं पान उघडलं की ब्राइटनेस आपोआप खाली येतो आणि एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर डाग पडायची भीती असतेच.

२०२२ पासून ओलेडचाच एक प्रकार असलेले क्यूडी-ओलेड मॉनिटर आले, व्हिडिओला अप्रतिम. पण त्यांचे सबपिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे ठिपके, ओळीत नसून त्रिकोणात असतात, म्हणून आडव्या रेषांच्या एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला गुलाबीसर कड दिसते. आणि मराठीत तर प्रत्येक शब्दावर शिरोरेषा! इंग्रजी रिव्ह्यूवाल्यांना जे थोडंफार खटकतं ते दिवसभर मराठी डीटीपी करणाऱ्याला जास्त बोचणार. २७ इंचात फोरके घेतला, म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल, तर ही कड बरीच बारीक होते.

आकड्यांत बोलायचं तर डेल्टा ई बघतात, म्हणजे हवा तो रंग आणि दिसला तो रंग यातलं अंतर. १ च्या खाली असेल तर डोळ्याला सहसा कळत नाही. फक्त हे अंतर काढायची सूत्रं वेगवेगळी आहेत, १९७६ चं वेगळं, २००० चं वेगळं, त्यामुळे दोन मॉनिटरचे आकडे एकाच सूत्राचे आहेत का ते बघायचं, नाहीतर फूट आणि मीटरची बेरीज. डिस्प्लेएचडीआर ४००, म्हणजे मॉनिटर एचडीआर (उजळ-गडदाचा मोठा आवाका) दाखवतो असं सांगणारं प्रमाणपत्र, त्याच्या स्टिकरला मी किंमत देत नाही, त्याला लोकल डिमिंगसुद्धा लागत नाही.

मोजायच्या आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायचा, ब्राइटनेस १२० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास आणायचा, आणि केबल-सेटिंग तपासायचं. मी एकदा एक मॉनिटर फिकट आहे म्हणून परत करायला निघालो होतो, खोक्यात भरलासुद्धा, मग लक्षात आलं की लॅपटॉप एचडीएमआयवर टीव्हीसारखा काळं १६ आणि पांढरं २३५ धरणारा सिग्नल देत होता आणि मॉनिटर काळं ० आणि पांढरं २५५ धरून बसला होता, म्हणजे काळं राखाडी होणारच. सेटिंग फुल रेंजवर टाकलं आणि दोन मिनिटांत तोच मॉनिटर ठणठणीत.

शेवटी पूर्ण स्क्रीन मधल्या राखाडीने भरून कोपरे बघायचे, एखादा कोपरा पिवळट किंवा गुलाबी निघतोच, महागड्यातही. हे दुकानात करायला गेलं तर काउंटरवरचा पोरगा वैतागतो, पण पेनड्राइव्हमध्ये राखाडी चित्र, मिरवणूक आणि एक मोरपंखी साडी एवढं असलं की काम पाच मिनिटांचं आहे.