शिट्टी नसलेला कुकर आणि पुल्ड पोर्क

आमच्याकडून स्लो कुकर नेलेल्या ग्राहकांसाठी. खोक्यातल्या पुस्तिकेसोबत जपून ठेवा.

कुकर नेल्यानंतर आठवडाभरात फोन येतो तो ठरलेला: "अहो, शिट्टीच होत नाही." होणारही नाही. नावात कुकर असला तरी यात वाफेचा दाब नसतो. खाली मंद तापणारं बूड, त्यात चिनी मातीचं जड भांडं आणि वर काचेचं झाकण, एवढाच कारभार. चुलीच्या वैलावर सकाळी ठेवलेलं कालवण दुपारपर्यंत जसं रटरटत राहायचं, तोच हा प्रकार विजेवर केलेला. २०० वॅटचा कुकर सलग ८ तास चालला तरी वीज जाते १.६ युनिट. तुमच्या कुकरचे वॅट बुडाखालच्या पट्टीवर छापलेले आहेत.

दुसरा फोन येतो तो मटण चिवट राहिलं किंवा सगळं पाणी पाणी झालं म्हणून. पुल्ड पोर्कमध्ये या दोन्ही चुका हमखास होतात, म्हणून समजावायला आम्ही तोच पदार्थ घेतला.

पुल्ड पोर्क हा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा बार्बेक्यू. डुकराचा अख्खा खांदा लाकडाच्या धुरावर दहा-बारा तास ठेवायचा आणि मग त्याचे रेषे ओढून काढायचे. सॉस मुलखागणिक बदलतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात व्हिनेगर आणि मिरचीचा पातळ, साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा, कॅन्सस सिटीकडे टोमॅटो आणि काकवीसारख्या मोलॅसिसचा गोड दाट. स्लो कुकर धूर देऊ शकत नाही, हे आधीच सांगतो. त्याचा उपाय पुढे आहे.

सगळ्यात महत्त्वाचं काम दुकानात, मटणवाल्यासमोर. तो सवयीने सुरा उचलतो आणि रश्श्याचे तुकडे करायला लागतो. त्याला थांबवा. "खांद्याचा भाग द्या, अख्खा द्या, वरची कातडी काढा, आतली चरबी राहू द्या" असं सांगा. सोलापुरात पोर्क प्रत्येक दुकानात मिळत नाही, तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. पाठीचा मऊ, बिनचरबीचा भाग महाग म्हणून चांगला समजून आणाल तर फसाल. तो इतके तास शिजला की भुसा होतो. खांद्यात चिवट पांढरे पडदे भरपूर असतात. ते साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून चिकट, रसदार होतात आणि त्याला तास लागतात. मांस नुसतं खाण्याजोगं त्याच्या कितीतरी आधी होतं, पण रेषे सुटायला आतलं तापमान ९० ते ९६ अंशांपर्यंत जावं लागतं.

म्हणून आठ तासांनी चिवट लागलं तर "जास्त शिजलं" म्हणून बंद करू नका. ते कमी शिजलंय. आणखी एक तास द्या. काटा खुपसून फिरवला की मांस आपोआप सुटलं पाहिजे.

एक किलो बिनहाडाचं मांस घ्या, फार तर दोन मोठे तुकडे करा. अडीच चहाचे चमचे मीठ (साधारण १५ ग्रॅम), दोन मोठे चमचे चिरलेला गूळ, दोन चमचे लाल तिखट, एकेक चमचा धने-जिरेपूड, मिरेपूड आणि मोहरीची पूड, सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण. सगळं चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे "तासभर ओट्यावर राहू दे" हा नाद नको. आमच्या घरी यात एक चमचा काळा मसाला जातो. अमेरिकन माणूस नाक मुरडेल, मुरडू दे.

सकाळी भांड्याच्या तळाला दोन कांदे उभे चिरून पसरा, वर मांस, बाजूने अर्धी वाटी पाणी आणि दोन चमचे व्हिनेगर. बस. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा सवयीने दोन तांबे पाणी ओतलं आणि संध्याकाळी सूप प्यायलो. इथे वाफ बाहेर जात नाही आणि मांस स्वतःचं पाणी सोडतं. भांडं निम्म्यापेक्षा कमी किंवा पाऊणपेक्षा जास्त भरलेलं नसावं.

पहिला तास 'हाय'वर (जास्त आच), मग 'लो'वर (मंद आच) आठ तास. नुसतं हायवर पाच-सहा तासांत होतं, पण लोवरचं जास्त मऊ लागतं. मध्ये झाकण उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. बर्फ झालेलं मांस तर कधीच थेट घालू नका. ते कोमट अवस्थेत फार वेळ अडकतं आणि जंतूंचं फावतं. ५ ते ६० अंश हा त्यांचा आवडता पट्टा.

लाईट गेली तर? घरात असाल तर मांस लगेच पातेल्यात काढून गॅसवर पुरं करा. चिनी मातीचं भांडं गॅसवर ठेवू नका, तडकेल. बाहेर होतात आणि लाईट किती वेळ नव्हती ते कळत नसेल, तर टाकून द्या. जीव हळहळेल, तरी टाका.

पोर्कमधल्या पट्टकृमीची भीती खरी आहे, पण इतक्या तापमानाला तो टिकत नाही. धोका असतो तो कच्च्या मांसाचे हात आणि सुरी तसेच कांदा-काकडीला लावण्यात.

आता सॉस. तो सुरुवातीला घालायचा नाही. साखर कडेला करपते आणि बाकीचा पाण्यात वाहून जातो. गॅसवर एक वाटी टोमॅटो केचप, पाव वाटी व्हिनेगर, दोन चमचे गूळ, तिखट आणि मोहरीची पूड दहा मिनिटं उकळा. कुकरमधला रस गाळून, वरची चरबी काढून, कढईत निम्मा आटवा. मांस दोन काट्यांनी ओढून त्यात हा रस आणि सॉस बेताने घाला. धुरासाठी वाटीत लाल निखारा ठेवा, त्यावर तुपाचे चार थेंब सोडा आणि पाच मिनिटं पातेलं झाकून ठेवा. अमेरिकेत धुरासाठी जाळतात त्या हिकरीच्या लाकडाचा वास हा नव्हे, पण पाहुणे विचारतात.

एका किलोचं शिजून साधारण सहाशे ग्रॅम उरतं, चार-पाच जणांना पुरतं. पाव आणि बारीक चिरलेल्या कोबीबरोबर खातात ती मूळ रीत. कडक भाकरीच्या तुकड्यावर घेऊन बघा, वर शेंगा चटणी चिमूटभर. पाहुणे उशिरा येणार असतील तर कुकर वॉर्मवर टाका, दोन तास काही होत नाही.

पोर्क चालत नसेल तर बोकडाचा अख्खा खांदा हाडासकट याच रीतीने करा, वेळ जवळपास तेवढाच. घाई असेल तर शिट्टीचा कुकर काढा. तासाभरात मऊ होतं, आम्हाला राग नाही.

उरलेलं दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. ते गरम करायचं गॅसवर, स्लो कुकरमध्ये नाही. गरम भांड्यात गार पाणी ओतू नका. झाकण फुटलं तर नवं मिळतं, येताना बुडाखालचा मॉडेल क्रमांक तेवढा लिहून आणा.